तार कुठे तुटली? बिघाड आणि बंदी यांचा मुंबईतील इतिहास

१९९८ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. आम्ही त्या वेळी महाविद्यालयात शिकत होतो आणि गिरगावातील एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात नवा संगणक आणि मोडेम आले होते. रात्री अकरानंतर, टेलिफोनचे दर कमी झाले की, मोडेमचा तो ओळखीचा किंकाळ्यांसारखा आवाज सुरू होई आणि थोड्या वेळाने इंटरनेट जोडले जाई. पावसाळा सुरू झाला आणि जोडणी दर पाच-दहा मिनिटांनी तुटू लागली. आम्ही मोडेम बदलून पाहिला, संगणकातील आज्ञावली पुन्हा भरली, मित्रांचा सल्ला घेतला. उपयोग शून्य.

शेवटी टेलिफोनचे लाइनमन काका आले. त्यांनी संगणकाकडे पाहिलेसुद्धा नाही. जिन्यातील पेटी उघडून घरात जाणारी तार त्यांनी सोडवली आणि आपला टेस्ट फोन तेथे लावला. आवाज स्वच्छ होता. "बाहेर काही नाही, घरात आहे," ते म्हणाले. मग घरातील तारेच्या मध्यावर फोन लावला, मग उरलेल्या भागाच्या मध्यावर. तिसऱ्या खेपेस ते मोरीलगतच्या भिंतीशी येऊन थांबले. तेथे आम्हीच दोन तारा पिळून वर पट्टी चिकटवली होती. ओलीने त्या सांध्यावर हिरवा गंज चढला होता. काकांनी सांधा कापला, नवा केला आणि चहा घेऊन निघून गेले.

काकांनी जे केले ते आम्ही प्रयोगशाळेत पुढे अनेकदा केले. गुंतागुंतीच्या रचनेत दोष असेल तर तिचे दोन भाग करावेत, दोष कोणत्या भागात आहे ते ठरवावे, मग त्या भागाचे दोन भाग करावेत. ही पद्धत इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे आणि तिच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईच्या किनाऱ्याशी बांधलेला आहे.

समुद्राखालची तार आणि ओहम

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनची बातमी मुंबईस पोचायला महिना-सव्वा महिना लागे. १८५७ च्या उठावानंतर थेट तारेची निकड ब्रिटिश सरकारला भासू लागली. १८५९-६० मध्ये सुएझपासून लाल समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकण्यात आली. तिचे तुकडे एकामागून एक निकामी झाले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती कधीच नीट चालली नाही. सरकारने हमी दिलेले सुमारे ८ लाख पौंड पाण्यात गेले, अगदी शब्दशः.

त्याआधी, १८५८ साली, अटलांटिकमधील पहिल्या केबलचीही हीच गत झाली होती. तिच्यातून संदेश इतके क्षीण येत की ते वाचता येईनात. तेव्हा व्हाइटहाउस या तिच्या विद्युततज्ज्ञाने उपाय काढला तो विद्युतदाब वाढवण्याचा. सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिल्यावर आधीच कमकुवत असलेले आवरण आणखी खचले आणि काही आठवड्यांत केबल कायमची मुकी झाली. याउलट विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी अतिशय क्षीण प्रवाह दाखवू शकणारा आरशाचा गॅल्व्हानोमीटर वापरला. दोष कुठे आहे हे न कळता जोर वाढवणे आणि आधी नीट मोजणे, या दोन वृत्तींमधला हा फरक होता. चालत नसलेल्या उपकरणाला चापट मारणारे आपण सारे पहिल्या पंथातले!

या अपयशांनी एक गोष्ट स्पष्ट केली. समुद्राच्या तळाशी पडलेली तार डोळ्यांनी पाहता येत नाही. दोष कुठे आहे हे किनाऱ्यावर बसूनच सांगता आले पाहिजे. त्यासाठी तारेचा विद्युत रोध मोजायचा. एका मैल तारेचा रोध माहीत असेल तर मोजलेल्या रोधावरून दोषापर्यंतचे अंतर काढता येते. पण रोध मोजायचा कशात? त्या काळी प्रत्येक देशाचे, किंबहुना प्रत्येक कंपनीचे माप वेगळे होते. १८६१ साली ब्राइट आणि क्लार्क या दोन केबल अभियंत्यांनी विद्युत एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत अशी सूचना केली. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण एकक ठरवण्यासाठी समिती नेमली आणि काही वर्षांत प्रमाण रोधाची वेटोळी तयार होऊन बाहेर पडली. आपण नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो तो ओहम बराचसा अशा रीतीने, तारेतील बिघाड शोधण्याच्या गरजेतून, व्यवहारात आला. पाठ्यपुस्तकात ही हकिकत सहसा नसते. ती सांगितली तर ओहमचा नियम विद्यार्थ्यांना इतका कोरडा वाटणार नाही.

ही तयारी झाल्यानंतर, फेब्रुवारी १८७० मध्ये, 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनकडे केबल सोडत निघाले. पोटातील केबल उन्हाने तापू नये म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. केबलची लांबी सुमारे १,८०० सागरी मैल. तांब्याच्या तारेवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे आवरण होते. केबल पाण्यात उतरत असताना तिची सतत विद्युत चाचणी चालू असे; कारण दोष लगेच कळला तर काही मैलच मागे गुंडाळावे लागत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडन ते मुंबई हा समुद्री तारमार्ग पूर्ण झाला. महिन्याचे अंतर मिनिटांवर आले.

दोन टोकांवरून मोजणी

आता एक साधे गणित करू. समजा, केबल १,००० किलोमीटर लांब आहे आणि दर किलोमीटरला तिचा रोध ३ ओहम आहे. मध्ये कुठेतरी आवरण फाटून आतील तार समुद्राच्या पाण्याला लागली आहे. मुंबईच्या टोकावरून, दुसरे टोक मोकळे ठेवून, मोजले तर रोध १,५०० ओहम भरतो. यावरून दोष ५०० किलोमीटरवर आहे असे म्हणावे काय? नाही. कारण फाटलेल्या जागेचा स्वतःचाही काही रोध असतो आणि तो आपल्याला माहीत नसतो.

म्हणून मग दुसऱ्या टोकावरूनही मोजायचे. तेथे २,१०० ओहम मिळाले असे धरू. फाटलेल्या जागेचा रोध दोन्ही मोजण्यांत सारखाच मिसळलेला आहे. तेव्हा वजाबाकी केली की तो निघून जातो. उरलेले ६०० ओहम म्हणजे २०० किलोमीटर तार. दोषापासून दूरचे टोक जवळच्या टोकापेक्षा २०० किलोमीटरने लांब आहे. दोन्ही मिळून १,००० किलोमीटर, म्हणजे दोष मुंबईपासून ४०० किलोमीटरवर आहे. ४०० किलोमीटरचा रोध १,२०० ओहम. फाटलेल्या जागेचा उरला ३०० ओहम. एकाच टोकावर विसंबलो असतो तर दुरुस्तीचे जहाज १०० किलोमीटर चुकले असते. प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यामुळे आणि पृथ्वीतील प्रवाहांमुळे गणित यापेक्षा किचकट होते. पण मूळ कल्पना हीच.

आजच्या समुद्राखालच्या केबलमधून संदेश तांब्यातून जात नाहीत, काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जातात. तरीही ठरावीक अंतरावरील प्रवर्धकांना वीज पुरवण्यासाठी तिच्यात तांब्याचा वाहक असतोच, आणि त्याच्यावरील मोजणी अजूनही उपयोगी पडते. तिच्या जोडीला प्रकाशाचा प्रतिध्वनी आला आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. किनाऱ्यावरून सोडलेल्या स्पंदाचा प्रतिध्वनी १० मिलिसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन २,००० किलोमीटर झाले. म्हणजे दोष १,००० किलोमीटरवर.

कोलाबा, जुहू, प्रभादेवी

तारायंत्रापासून इंटरनेटपर्यंतचा प्रवास आपल्याला थोडक्यात आटोपता घ्यावा लागेल. १९२७ मध्ये पुण्याजवळच्या खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून इंग्लंडशी बिनतारी दळणवळण सुरू झाले. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वी येथे उपग्रहाचे भूकेंद्र उभे राहिले. १९८६ साली परदेशी दळणवळणाचे काम विदेश संचार निगमाकडे आले. त्याच सुमारास शैक्षणिक संस्थांना जोडणारे 'अर्नेट' हे जाळे आकाराला येत होते. त्यात मुंबईच्या दोन संस्था होत्या : पवईची आयआयटी आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. हे केंद्र कोलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कामातून वाढलेले. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९,६०० बिट इतक्या वेगाची जोडणी मिळाली. आज शाळकरी मुलाच्या फोनमधील एक छायाचित्र त्या मार्गाने पाठवायचे तर अर्धा-पाऊण तास लागला असता. देशभरच्या शास्त्रज्ञांची परदेशी पत्रे त्या अरुंद वाटेने जात-येत होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. २५० तासांसाठी व्यक्तीला ५,००० रुपये पडत आणि वेग तोच ९,६००. सुरुवातीचे महिने फार वाईट गेले. मागणीचा अंदाज चुकला होता, मोडेम अपुरे होते, टेलिफोन लागत नव्हता. निगमाचे तत्कालीन अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी चुका जाहीरपणे मान्य केल्या आणि त्या दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले. सार्वजनिक सेवेच्या इतिहासात हे वारंवार घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पुढे १९९७ मध्ये 'फ्लॅग' ही युरोप-आशिया केबल सुरू झाली. तिचे मुंबईतील टोक दादरजवळ प्रभादेवीच्या किनाऱ्यावर, लोकमान्य विदेश संचार भवनात आले. सिद्धिविनायकाला जाणाऱ्या गर्दीला आपल्या पायांपासून फार दूर नाही अशा ठिकाणी देशाचे एक मोठे दार आहे याची कल्पनाही नसेल.

आमच्या मोरीजवळच्या सांध्याने नेमके काय केले होते, तेही येथे पाहू. टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचा आवाज जातो, म्हणजे ३,१०० हर्ट्झचा पट्टा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवले की अशा वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जातील हे पट्ट्याच्या रुंदीवर आणि संदेश गोंगाटापेक्षा किती पट बलवान आहे यावर ठरते. संदेश गोंगाटाच्या १,००० पट असेल तर ही मर्यादा सुमारे ३१,००० बिट येते. गोंगाट वाढून हे प्रमाण १०० पटींवर आले तर सुमारे २०,६००. १० पटींवर आले तर सुमारे १०,७००. ओला सांधा तार तोडत नव्हता, गोंगाट वाढवत होता. आधी ठरलेला वेग झेपेना म्हणून मोडेम थांबे, पुन्हा बोलणी करी, आणि आम्ही संगणकाला दोष देत बसू.

न तुटलेली तार

आतापर्यंतचे सारे दोष निसर्गाचे किंवा हलगर्जीपणाचे. पण एक वेगळा प्रकारही आहे. तार शाबूत असते, वीज असते, संगणक चालू असतो. फक्त एक विशिष्ट पान उघडत नाही, कारण ते उघडू नये असे कोणी तरी ठरवलेले असते.

१९९९ साली कारगिलचे युद्ध चालू असताना 'डॉन' या पाकिस्तानी वृत्तपत्राचे संकेतस्थळ भारतातून दिसेनासे झाले. परदेशाकडे जाणारी वाट तेव्हा विदेश संचार निगमाच्याच हाती होती, त्यामुळे एका ठिकाणी अडवले की देशभर अडत असे. २००३ च्या सप्टेंबरमध्ये याहूवरील एका चर्चागटावर बंदीचा आदेश निघाला. सेवा पुरवणाऱ्यांपाशी तेवढा एकच गट वगळण्याची सोय नव्हती. त्यांनी याहूवरील सगळेच गट बंद केले. मासे पाळणाऱ्यांपासून गणितज्ञांपर्यंत साऱ्यांची चर्चा थांबली.

आमच्या मनात घर करून राहिलेला प्रसंग २००६ चा आहे. ११ जुलैच्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये सात स्फोट झाले. माटुंगा रोड आणि माहीम ही आमच्या रोजच्या वाटेवरची स्थानके. दोनशेच्या आसपास माणसे मेली. त्या रात्री मोबाइल लागत नव्हते. 'मुंबई हेल्प' नावाचे, ब्लॉगस्पॉटवर काही नागरिकांनी चालवलेले पान त्या काळात लोकांच्या उपयोगी पडत होते. परगावचे लोक आपल्या माणसांची चौकशी तेथे करीत आणि अनोळखी माणसे त्यांच्यासाठी फोन फिरवीत.

१३ जुलैला दूरसंचार खात्याने सेवा पुरवणाऱ्यांना १७ पाने बंद करण्याचा आदेश दिला. दोन-तीन दिवसांत अनेकांच्या लक्षात आले की ब्लॉगस्पॉटवरचे एकही पान उघडत नाही. पडद्यावर येणारा मजकूर नेहमीचाच होता : पान दाखवता येत नाही, आपली जोडणी तपासा. आम्हीही तपासली. तार काढून पुन्हा लावली, संगणक बंद करून चालू केला. मग लाइनमन काकांची आठवण झाली आणि आम्ही भाग पाडू लागलो. इतर संकेतस्थळे उघडतात, म्हणजे घरची तार ठीक आहे. परदेशातील इतर पानेही उघडतात, म्हणजे समुद्राखालची केबल ठीक आहे. परळच्या एका मित्राकडे दुसऱ्या कंपनीची सेवा होती. त्याला तेच पान दिसते, म्हणजे ते पान जिवंत आहे. राहता राहिला एकच भाग : आमच्या सेवा पुरवणाऱ्याची यंत्रणा. पत्रे, दूरध्वनी आणि वृत्तपत्रांतील बातम्या यांतून देशभरच्या लोकांनी असेच निष्कर्ष जुळवले. दोन टोकांवरून मोजणी करून मधला दोष शोधण्याचीच ही रीत.

एवढा मोठा घोळ का झाला? एखाद्या चाळीतील सतरा खोल्यांना कुलूप लावायचे आहे, पण आपल्यापाशी एकच मोठे कुलूप आहे आणि ते फक्त चाळीच्या दिंडीदरवाजालाच बसते, अशी स्थिती समजा. इंटरनेटवर हजारो पाने एकाच यंत्रावर, एकाच अंकी पत्त्यावर राहू शकतात. तो पत्ता अडवला की सगळे भाडेकरू अडकतात. एकेका खोलीपुरते कुलूप लावायचे तर मागणीतील पूर्ण पत्ता वाचणारी यंत्रणा हवी. ती तेव्हा सर्वांकडे नव्हती किंवा वापरली गेली नाही. आठवड्याभरात खात्याने खुलासा केला की बंदी फक्त सांगितलेल्या पानांपुरती आहे, आणि हळूहळू इतर पाने परतली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पाकिस्ताननेही ब्लॉगस्पॉट अडवले होते आणि तेथील वाचकांसाठी कोणी तरी एक आडवाट तयार केली होती. जुलैत भारतीय वाचक त्याच आडवाटेने जाऊ लागले!

त्या १७ पानांवर काय होते आणि ती बंद करणे योग्य होते की नव्हते, हा वाद आम्ही येथे घालत नाही. आपत्तीनंतर अफवा रोखण्याची गरज शासनाला वाटू शकते. आमची तक्रार पडद्यावरील त्या वाक्याबद्दल आहे. जोडणी तपासा, असे यंत्र सांगत होते आणि ते खरे नव्हते. माणसाला कळवल्याशिवाय वाट अडवली तर तो आपल्याच घरात दोष शोधत राहतो.

तीन दोषांच्या तीन खुणा

दीड वर्षाने तुलनेसाठी उत्तम उदाहरण मिळाले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, त्यांत प्रभादेवीला येणारी फ्लॅगही होती. या वेळी एकच पान नव्हे, तर युरोप-अमेरिकेकडचे जवळजवळ सारेच मंदावले. काही वाहतूक पूर्वेकडून, प्रशांत महासागर ओलांडून वळवण्यात आली. ३०,००० किलोमीटरचा वळसा पडला तर प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ सेकंद लागतात. पान उशिरा येई, पण येई.

विद्यार्थ्यांना या खुणा अशा सांगता येतील. गोंगाटाचा दोष हवामानाप्रमाणे कमीजास्त होतो आणि सगळ्याच पानांना सारखा भोवतो. तुटलेल्या केबलचा दोष एका दिशेची सारी वाहतूक मंद करतो. बंदीचा दोष मात्र धारदार असतो : एक नाव बंद, शेजारचे चालू, एका कंपनीकडे बंद, दुसरीकडे चालू, पाऊस असो वा ऊन, फरक नाही.

२००६ नंतर परिस्थिती काहीशी बदलली. २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदीची कार्यपद्धती ठरवणारे नियम आले. त्यांत विनंत्या व कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, सेवा बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे त्याच न्यायालयाने सांगितले. दरम्यान इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या अभियंत्यांनी एक छोटी पण अर्थपूर्ण सोय केली. पान सापडले नाही तर ४०४ हा आकडा येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१६ मध्ये कायदेशीर कारणाने अडवलेल्या पानासाठी ४५१ हा वेगळा आकडा अधिकृत झाला. पुस्तके जाळणाऱ्या राज्याविषयी रे ब्रॅडबरी यांनी लिहिलेल्या कादंबरीच्या नावातून तो घेतला आहे. हा आकडा बंदी उठवत नाही. मात्र तार शाबूत आहे, वाट मुद्दाम अडवलेली आहे, एवढे तो प्रामाणिकपणे सांगतो. तो दाखवणे सेवा पुरवणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

शेगडी दुरुस्तीच्या दुकानातून दोन मीटर बारीक नायक्रोम तार आणा आणि लाकडी पट्टीवर ताणून बसवा. शेजारी समांतर एक तांब्याची तार लावा. ती आपला समुद्र. कुठेही एका ठिकाणी या दोहोंमध्ये एक लहान रोधक जोडा आणि तो भाग वर्तमानपत्राने झाका. विद्यार्थ्यांच्या एका गटाला डाव्या टोकावर, दुसऱ्या गटाला उजव्या टोकावर मल्टिमीटर द्या. मोजताना दुसरे टोक मोकळे राहील याकडे लक्ष असू द्या. एका मीटर तारेचा रोध आधी मोजून फळ्यावर लिहा.

आधी दोन्ही गटांना आपल्या एकट्याच्या मापावरून दोष कुठे आहे ते सांगू द्या. दोघांची उत्तरे जुळणार नाहीत आणि दोघेही आपल्या मापाची खात्री देतील. मग मापे एकत्र करायला सांगा, आणि कागद उचला.